चिनी मातीचे पातळ पेले

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर काही जुन्या घरांत एक काचेचे कपाट असते. त्यात आजोबांचा चष्मा, अत्तराची रिकामी कुपी, कुणा पाहुण्याने आणलेले शंख-शिंपले असे काहीबाही ठेवलेले असते. आणि वरच्या फळीवर, पोरांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, दोन-तीन पेले असतात. त्यांत चहा कुणी पीत नाही. पेला उजेडासमोर धरला की पलीकडच्या बोटांची सावली आतून दिसते. हातात घेतला तर वजन असे लागतच नाही. इंग्रज लोक या भांड्यांना अंड्याच्या टरफलाचे नाव देतात, आणि ते नाव अगदी बरोबर आहे.

आज या पेल्यांविषयी बोलायचे ते एका निमित्ताने. मुंबईहून मांडव्याला मोटारीसकट बोटीने येण्याची सोय २०२० साली झाली, आणि आपल्याकडच्या जमिनींचे व्यवहार आणखीच वाढले. जुनी घरे उतरवली जातात, वाड्या सपाट होतात, त्याबरोबर कपाटेही रिकामी होतात. जुने सामान घेणारा दारात येतो, लाकडी खांबांचा भाव करतो, आणि जाता जाता म्हणतो, "हे दोन कपही द्या की वरचेवर!" पूर्वी बोहारीण जुन्या लुगड्यांवर भांडे देई, तिचा हिशेब निदान दोघांनाही ठाऊक असे. इथे घेणाऱ्याला माल कळतो, देणाऱ्याला कळत नाही. तेव्हा आपल्या घरात काय आहे ते आपल्याला कळलेले बरे.

आधी चिनी माती म्हणजे काय ते पाहू. लोणच्याच्या बरणीलाही आपण चिनी मातीचीच म्हणतो. पण ती जाड, तिच्यातून उजेड जात नाही. खरे चिनी भांडे दोन गोष्टींपासून होते. एक पांढरी शुभ्र माती, तिला केओलिन म्हणतात. चीनमधल्या जिंगडेझेन या गावाजवळच्या काओलिंग नावाच्या ठिकाणावरून हे नाव पडले. दुसरा एक प्रकारचा दगड, कुटून वस्त्रगाळ केलेला. दोन्ही मळून भांडे घडवायचे आणि सुमारे १३०० अंश सेल्सियस उष्णतेत भाजायचे. आपल्या कुंभाराचा आवा एवढा कधीच तापत नाही. त्या आचेत दगड वितळतो, मातीच्या कणाकणांत शिरतो, आणि सगळे मिळून काचेसारखे एकजीव होते. म्हणून त्यात पाणी मुरत नाही आणि पातळ भांड्यातून उजेड आरपार जातो. पेणला गणपती करतात ती शाडूची मातीही दिसायला पांढरट असते, पण ती या जातीची नव्हे.

हे गुपित चिनी कारागिरांनी शेकडो वर्षे सांभाळले. युरोपातले राजे त्या भांड्यांसाठी वेडे झाले होते. तिकडे ही विद्या साध्य झाली ती १७०८ च्या सुमारास जर्मनीत. तिथल्या राजाने बटगर नावाच्या एका किमयागाराला सोने करून दाखव म्हणून डांबून ठेवले होते. सोने काही झाले नाही, चिनी माती मात्र झाली, आणि १७१० साली माइसेन येथे तिचा कारखाना निघाला.

आता टरफलासारखे भांडे कसे करतात? तुम्हाला वाटेल, चाकावरच पातळ काढत असतील. तसे नाही. एवढे पातळ ओले भांडे उभेच राहणार नाही, बसकण मारील. म्हणून ते आधी बेताचे जाड करायचे, सावलीत वाळवायचे, आणि मग चाकावर उलटे ठेवून धारदार पात्याने बाहेरून तासत जायचे. सुतार लाकूड रंध्याने तासतो ना, तसे. आतून झिलईचा थर द्यायचा, पुन्हा बाहेरून तासायचे, मग बाहेरून झिलई. शेवटी दोन झिलयांच्या मधे मातीचा अंश जेमतेम उरतो. चिनी भाषेत या भांड्यांना तुओताइ म्हणतात, म्हणजे ज्याचे अंग काढून घेतले आहे असे. पाते एका केसाइतके जास्त आत गेले की इतक्या दिवसांची मेहनत फुकट. उरलेली भट्टीत वाकतात, चिरतात. त्यातून जे सुखरूप बाहेर येई, त्याला मोल का नसावे?

जिंगडेझेनच्या बादशाही भट्ट्यांत ही कला पंधराव्या शतकाच्या आरंभी, योंगल बादशहाच्या काळात, म्हणजे १४०३ ते १४२४ या वर्षांत फार वर चढली. त्या पांढऱ्या वाडग्यांवर कोरलेली नक्षी एरवी दिसतच नाही, उजेडापुढे धरली म्हणजेच उमटते. याच बादशहाने झेंग हे या आपल्या दर्यासारंगाला मोठमोठी आरमारे देऊन आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कालिकतपर्यंत धाडले होते. पुढे अठराव्या शतकात योंगझेंग बादशहाच्या कारकिर्दीत, १७२३ ते १७३५ मध्ये, पातळ बशांवर गुलाबी रंगाची फुले-पाखरे रंगवू लागले. विसाव्या शतकात चीनमध्ये ही कला पुन्हा जोर धरून उठली. आणि तोवर जपानही या धंद्यात उतरला होता.

ही भांडी आपल्या किनाऱ्याला कशी लागली?

चिनी भांडी आपल्याला नवी नाहीत. चौल हे फार जुने बंदर. ग्रीक लोक त्याला सेमुल्ला म्हणत, अरब सैमूर म्हणत. अल् मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या आरंभी तिथे येऊन गेला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी, डॉ. विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, चौलला उत्खनन करून या बंदराचा इतिहास सातवाहनांच्या काळापर्यंत मागे नेला. त्याच चौल-रेवदंड्याच्या परिसरात चिनी भांड्यांच्या खापऱ्या सापडतात. शेवाळी हिरव्या रंगाच्या, ज्यांना सेलॅडॉन म्हणतात, त्या बहुधा जुन्या. पांढऱ्यावर निळी वेलबुट्टी असलेल्या बहुधा नंतरच्या. पोर्तुगीजांनी १५२१ साली रेवदंड्याला ठाणे बांधले, चीनच्या किनाऱ्यावर १५५७ साली मकाव वसवले, आणि मकावचा माल गोव्यामार्गे इकडे येऊ लागला. रेवदंडा १७४० साली मराठ्यांकडे आला, तोवर दोनशेहून अधिक वर्षे त्या कोटाच्या आत माणसे चिनी ताटल्यांत जेवत होती आणि त्या फोडत होती.

पण या खापऱ्यांत टरफली भांड्याचा तुकडा मिळेल अशी आशा धरू नका. जहाजातून दूरदेशी जाणारा माल बहुतेक जाडजूड. चहाच्या पेट्या पाण्याने भिजू नयेत म्हणून इंग्रज कंपनीच्या जहाजांत तळाला चिनी भांड्यांचे खोके रचत, म्हणजे निरमाचे वजनही झाले आणि मालही झाला. आपल्या तांडेलाला ही युक्ती सांगायला नको! अशा ठिकाणी टरफलाचे काय काम?

टरफली पेले आले ते पुढे, आणि निराळ्या वाटेने. मुंबईचे पारशी व्यापारी चीनशी व्यापार करीत. सर जमशेटजी जीजीभाई तरुणपणी स्वतः अनेक वेळा चीनला जाऊन आले. इकडून कापूस जाई, अफूही जाई. ते अफूचे प्रकरण काही शोभादायक नाही, पण झाले ते सांगितले पाहिजे. परत येताना चहा, रेशीम आणि भांडी येत. मुंबईच्या दिवाणखान्यातली हौस हळूहळू खाडीपलीकडे आली. दुसरी वाट खलाशांची. आपल्या किनाऱ्यावरची कितीतरी माणसे आगबोटींवर नोकरीला गेली. सारंग होऊन ती हाँगकाँग, कोबे, योकोहामा पाहून आली, आणि घरी येताना बायको-मुलींसाठी कपड्यांच्या घडीत गुंडाळून एखादा पेला घेऊन आली. बाजारात काय किंमत येईल ती येवो, माझ्या मते अशा पेल्याची खरी मातब्बरी या प्रवासात आहे. आणि ती हकीकत घरातल्या एखाद्या आजीलाच ठाऊक असते.

आता तुमच्या कपाटातला पेला पाहू या. मडके घेताना आपण वाजवून घेतो ना? तसेच करा. तळहातावर ठेवा आणि काठाला नखाने हलकी टिचकी मारा. स्वच्छ, लांब नाद आला तर भांडे धड आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. मग उजेडापुढे धरा. उजेड आरपार गेला म्हणून ते चिनीच असे मात्र समजू नका. इंग्लंडात मातीमध्ये हाडांची राख घालून करतात ती भांडीही अशीच उजेड दाखवतात. काही पेल्यांच्या तळाशी उजेडात एका स्त्रीचा चेहरा उमटतो, आणि बाहेरून उठावाचा अजगर फिरवलेला असतो. मुलांना हे भारी आवडते. ते पेले बहुधा जपानी, विसाव्या शतकातले.

मग पेला उलटा करा आणि तळ वाचा. अमेरिकेने १८९० साली कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचे नाव इंग्रजीत हवे. म्हणून जपानी मालावर आधी निप्पॉन असे लिहीत, १९२१ नंतर जपान लिहू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान परक्या अमलाखाली होता, त्या काळातल्या, १९५२ पर्यंतच्या, काही मालावर तसेच स्पष्ट छापलेले आढळते. इतर देशांत गेलेल्या मालावर काहीच नसेल असेही होते. चार किंवा सहा चिनी अक्षरांचा शिक्का असेल तर त्यात बादशहाचे नाव असते. पण त्यावर विसंबू नका. पूर्वजांच्या कलेचा मान म्हणून चिनी कारागीर आपल्या मालावर शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाचे नाव घालीत. त्यात फसवणूक असेलच असे नाही. पुढे फसवणूकही झाली, हेही खरे.

तेव्हा लाखांची स्वप्ने पाहू नयेत. आपल्याकडच्या दहा पेल्यांतले बरेचसे शंभर वर्षांच्या आतले, जपानी, आणि बाजारभावाने साधेच निघतील. पण स्टीलच्या डब्यावर देऊन टाकण्याइतके साधे नव्हेत. आणि एखादा खरेच जुना असला तर? १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. दारात येणाऱ्याला परवाना विचारा. बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, खापऱ्यांबद्दल तुमच्याशी थोडे बोलायचे आहे. वाडी शिंपताना, विहीर उपसताना, पावसाने बांध वाहून गेल्यावर निळी खापरी मुलांच्या हाती लागते आणि तिची ठिकरी होते. मुले तुमच्याकडे ती आणतील, शाळेच्या कपाटात ढीग होईल. पण कुठून आली ते लिहिलेले नसेल तर त्या ढिगाचा उपयोग नाही. संशोधकाला खापरीपेक्षा तिची जागा मोलाची. कुठल्या वाडीत, किती हात खोल, शेजारी आणखी काय निघाले, यावरून तो काळ ठरवतो. ती जागा एकदा बुलडोझरखाली गेली की कायमची गेली. म्हणून मुलांना शिकवायचे ते गोळा करणे नव्हे, नोंद करणे. गावाचा नकाशा फळ्यावर काढा, खापरी निघाली तिथे खूण करा. रेवदंड्याच्या आगरकोटासारख्या संरक्षित जागेतून एक खडाही उचलू नये. आणि जमिनीत पुरलेले काही हाती लागले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तूची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. दहा रुपये! १८७८ साली ती रक्कम मोठी होती, आज त्यात एक निळी खापरीही बसणार नाही.

सहल मुंबईला नेणार असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला चिनी भांड्यांचा विभाग चुकवू नका. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या दोघा भावांनी हौसेने जमवलेली भांडी मरणोत्तर त्या संग्रहालयाकडे आली. मुलांना अर्धा तास तिथे उभे करा. परत आल्यावर त्यांना आपापल्या आजीचे कपाट निराळे दिसेल.

आता घरातल्या पेल्यांची निगा. राख, काथ्या, चिंच यांतले काही लावू नका. काठाचा सोनेरी वर्ख त्याने जातो. परातीत जाड टॉवेल पसरा, कोमट पाणी घ्या, एकेक पेला दोन्ही हातांत धरून धुवा. कानाला धरून उचलू नका, पेला पेल्यात रचू नका, खुंटीला तर मुळीच टांगू नका. आणि हे सारे करण्याआधी आजीजवळ बसा. कुणी आणला, कुठल्या बोटीवर होता, कुठल्या बंदरात घेतला, कधी, एकूण किती होते, बाकीचे कुणी फोडले, हे सगळे विचारा. एका कागदावर पेन्सिलीने लिहा, घडी करा आणि पेल्यातच ठेवा. डिंकाने तळाला चिकटवू नका. आणि दोन भावांत वाटणी झाली तर कागदाची नक्कल करून दोन्ही पेल्यांबरोबर जाऊ द्या.