नको असलेले टपाल, हवे असलेले पत्र

(वार्षिक सर्वसाधारण सभेत संगणक विभागाच्या वतीने केलेले भाषण)



संगणक विभागाला या व्यासपीठावर बोलण्याची वेळ क्वचितच येते. येते तेव्हा बहुधा काहीतरी बिघडलेले असते. आजही तसेच आहे.

आपला ई-मेलचा सर्व्हर आपल्याच इमारतीत आहे. रुग्णांचा पत्रव्यवहार बाहेर ठेवायचा नाही, हा विश्वस्तांचा निर्णय मला मान्य आहे. परंतु त्यामुळे दारावरची राखणही आपल्यालाच करावी लागते. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थर्क यांनी संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम धाडली. ते पहिले स्पॅम मानले जाते. पुढचा पूर आपण पाहतोच.

चाळणीसाठी आपण ‘स्पॅमॲसॅसिन’ हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. ते प्रत्येक पत्राला संशयाचे गुण देते. ५ गुण झाले की पत्र स्पॅम. औषधांच्या नावांनी गुण वाढतात, कारण स्पॅमवाल्यांचा मोठा धंदा औषधांचाच. येथेच घात झाला. सिल्डेनाफिल हे जाहिरातबाजांचे लाडके औषध. पण नवजात बाळाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढला, तर बालरोगतज्ज्ञही तेच देतात. अशा एका बाळाला येथे हलविण्याविषयी तालुक्याच्या डॉक्टरांनी लिहिलेले पत्र स्पॅम ठरले आणि आपोआप पुसले गेले. त्यांनी रात्री दूरध्वनीही केला, म्हणून बाळ वेळेवर पोहोचले. पुसण्याची ती आज्ञा माझी होती.

आता काहीही पुसले जात नाही. संशयित पत्रे वेगळ्या कप्प्यात जातात व रोज सकाळी आणि सायंकाळी एक कर्मचारी ती पाहतो. शिवाय पॉल ग्रॅहम यांनी २००२ साली लोकप्रिय केलेल्या संभाव्यतेच्या पद्धतीने चाळणीला आपलीच पत्रे दाखवून शिकविले. किमान २०० खरी आणि २०० खोटी पत्रे पाहिल्याखेरीज ती या पद्धतीने मत देत नाही. हा संयम मला आवडला. अनोळखी सर्व्हरला ‘थोड्या वेळाने या’ सांगण्याचीही एक युक्ती आहे. खरा सर्व्हर पुन्हा येतो, स्पॅमवाले बहुधा येत नाहीत. मात्र तेवढा विलंबही रुग्णालयाला परवडणारा नाही, म्हणून ती बंद ठेवली. परिणामी थोडे अधिक स्पॅम आपल्यापर्यंत येईल. ते सोसावे, ही विनंती.

आज सकाळी त्या कप्प्यात दोन खरी पत्रे सापडली. त्यांपैकी एक देणगीच्या पावतीविषयी होते. ते देणगीदार सभागृहात असतील, तर मी त्यांची क्षमा मागतो. पावती कार्यालयात तयार आहे.