नकाशात टाकी असते, उतरणारा माणूस नसतो

(भिलाईच्या सेक्टर २ मध्ये पदवीधर तरुणांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय काहींना विचित्र वाटेल. घराच्या नकाशाची मंजुरी आणि संडासाची टाकी. पण हा विषय याच सेक्टरमध्ये काढायला कारण आहे. नागपूर, भंडारा, गोंदियाकडून आपली माणसं प्लांटमध्ये कामाला आली, त्यांना इथे क्वार्टर मिळालं. क्वार्टरच्या संडासाचं पाणी गटारलाइनीतून जातं. ते कुठे जातं, कोण तुंबलेलं काढतं, हे आपल्याला घरात बसून कधी विचारावं लागलं नाही. आता वडील रिटायर होतात, क्वार्टर सोडावं लागतं, आणि रिसालीत, कोहक्यात नाहीतर दुर्गच्या बाजूला एखादा प्लॉट घेतला जातो. जिथे गटारलाइन पोहोचलेली नाही तिथे सेप्टिक टँक बांधावा लागतो. खानदानातली ती पहिली टाकी. आणि घरात शिकलेले तुम्ही, म्हणून फाइल तुमच्या हातात येते.

टाकीसाठी वेगळा परवाना साधारणपणे काढावा लागत नाही. महापालिकेकडे भवन अनुज्ञेचा अर्ज जातो, त्याच्यासोबतच्या नकाशात टाकी आणि शोषखड्डा दाखवायचा असतो. तो मंजूर झाला की टाकीही मंजूर. म्हणून बहुतेक लोक तिकडे बघतच नाहीत. आर्किटेक्ट कोपऱ्यात एक चौकोन काढतो, वडील सही करतात.

तो चौकोन वाचायला शिका. राष्ट्रीय इमारत संहितेत त्याची मापं आहेत. रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर, साठा किमान १००० लिटर, लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. गॅस बाहेर जाण्यासाठी किमान ५० मिलिमीटरचा पाइप, आणि टाकी घराला लागून असेल तर तो पाइप छताच्याही २ मीटर वर. शोषखड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून १८ मीटर लांब, राहत्या घरापासून ६ मीटर. आता वीस बाय पन्नास फुटांच्या प्लॉटवर हे ६ मीटर कुठून आणायचे? नकाशात आणलेले असतात. कागदावर शोषखड्डा असतो, प्रत्यक्षात टाकीचा पाइप समोरच्या उघड्या नालीत सोडलेला असतो. ती नाली पुढे कोणाच्या वस्तीतून जाते ते एकदा चालत जाऊन बघा.

पण मला खटकतं ते दुसरंच. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. पाण्याचं अंतर, भिंतीचं अंतर, पाइपची उंची, सगळं नकाशात येतं. टाकी कोण उपसणार, कसा उपसणार, त्याला झाकणापर्यंत पोहोचता येईल का, हे त्या नकाशावरून कळत नाही. त्या न लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर या देशात जात देते. मिस्त्रीला माहीत असतं कोणाला बोलवायचं. शेजाऱ्याला माहीत असतं तो कुठल्या वस्तीत राहतो. दारूची एक क्वार्टर आधी द्यायची असते, हेही सगळ्यांना माहीत असतं. एवढं सगळं ठाऊक असलेल्या समाजाला कायदा मात्र ठाऊक नसतो.

हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा आणि ते काम करणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदा २०१३ चा. तो अमलात आला ६ डिसेंबर २०१३ ला. ती तारीख तुम्हाला सांगायला नको. त्याचं कलम ७ म्हणतं की कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी गटाराच्या अथवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावणार नाही, थेट किंवा आडवाटेने. ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द लक्षात ठेवा. त्यात प्लॉटचा मालक येतो. म्हणजे तुमचे वडील, उद्या तुम्ही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्यात फटही आहे. संरक्षक साधनं न देता केलेली सफाई म्हणजे ‘धोकादायक’ अशी व्याख्या ठेवली, त्यामुळे हातमोजे आणि बूट दाखवून सुटका करून घेणारे ठेकेदार निघतात.

कोणी म्हणेल, खासगी घराच्या टाकीचं सरकारला काय. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका हाउसिंग सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले. टाकी सरकारी नव्हती, ठेकेदारही खासगी होता. त्यांच्या पत्नी कोर्टात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी १० लाख भरपाई द्यायला सांगितलं. ही रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलेली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात गटारातल्या मृत्यूंसाठी ती ३० लाख झाली. पैसे वाढले, मरणं थांबली नाहीत.

मग फाइल तुमच्याकडे आली की काय करायचं? टाकी मागच्या बोळात नको, रस्त्याच्या बाजूला घ्यायला सांगा. सक्शनची गाडी कुठे उभी राहील आणि तिचा पाइप झाकणापर्यंत पोहोचेल का, हे टेपने मोजा आणि नकाशावर लिहायला लावा. झाकणावर फरशी बसवू देऊ नका. किती घरांत टाकी स्वयंपाकघराच्या नाहीतर जिन्याच्या खाली गाडलेली असते! मग गाडीचा उपयोग नसतो, फरशी फोडावी लागते आणि आत माणूस उतरवावा लागतो. टाकीला दोन कप्पे असतील तर दोन्हींना झाकण हवं. आर्किटेक्ट म्हणेल, याची काही गरज नाही, असंच मंजूर होतं. होतं खरं. तरी लिहायला लावा. गाडी महाग पडते म्हणून घरातले मोठे ‘तो अमुक येतो, स्वस्तात करतो’ म्हणतील. तिथे तुम्हाला आईवडिलांशी वाद घालावा लागेल, आणि तो आर्किटेक्टशी घालण्यापेक्षा अवघड आहे. आपल्या आजोबांनी जी कामं सोडायला गाव सोडलं, ती आता आपल्या दारात दुसऱ्या कोणाच्या मुलाकडून करून घ्यायची का, एवढंच त्यांना विचारा.

एक शेवटचं. नवी, न वापरलेली टाकीसुद्धा जीव घेते. स्लॅबनंतर ती बंद राहते, आत पाणी आणि ओल्या फळ्या कुजतात, हवा संपते, आणि सेंट्रिंग काढायला उतरलेला मजूर खाली कोसळतो. तेव्हा झाकण आधी बराच वेळ उघडं ठेवायला सांगा, आणि फळ्या काढताना स्वतः तिथे उभे राहा. जुन्या टाकीतला गॅस सडक्या अंड्यासारखा वास मारतो, पण जास्त झाला की नाकच काम करेनासं होतं. वास गेला म्हणजे धोका गेला असं नाही. आणि कोणी आत पडला तर त्याला काढायला दुसऱ्याला उतरू देऊ नका, मग तो त्याचा सख्खा भाऊ का असेना. बातम्यांत एकाच टाकीत तीन-चार जण मेलेले दिसतात ते बरेचदा असेच, एकामागून एक वाचवायला गेलेले. दोर टाका, सगळी झाकणं उघडा आणि लगेच ११२ ला फोन करा.