हाडातली पोकळी आणि तिचे उपचार

आठ-दहा वर्षांचा मुलगा क्रिकेट खेळताना जोरात चेंडू फेकतो आणि त्याच्या दंडाचं हाड मोडतं. पडला नाही, मार लागला नाही, मग हाड मोडलं कसं? एक्स-रेमध्ये दिसतं की खांद्याजवळ हाडाच्या आत पोकळी आहे, तिच्या भिंती अंड्याच्या कवचासारख्या पातळ झाल्या आहेत आणि तुटलेला एक कपचा पोकळीच्या तळाशी जाऊन बसला आहे. डॉक्टर म्हणतात, “सिस्ट आहे.” आईवडिलांच्या मनात मात्र कॅन्सर हाच शब्द येतो. म्हणून ते आधी स्पष्ट करतो. ही साधी सिस्ट, म्हणजे हाडातली पाण्याने भरलेली पोकळी, कॅन्सर नव्हे आणि ती शरीरात कुठे पसरत नाही.

मोडलेला दंड झोळीत ठेवला की बहुधा आपोआप जुळतो. पोकळी मात्र बऱ्याचदा तशीच राहते. ती लहान असेल, भिंत जाड असेल, तर ठरावीक काळाने एक्स-रे काढून लक्ष ठेवलं तरी पुरतं. वाढीचं वय सरताना अनेक पोकळ्या भरून येतात.

पोकळी मोठी असेल तर इंजेक्शनचा पर्याय आहे. इटलीतले स्काग्लिएत्ती यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत रुळवली. मुलाला भूल देऊन, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत पोकळीत सुई घालतात. पिवळसर, पारदर्शक पाणी बाहेर येतं आणि मग स्टेरॉइड आत सोडतात. एका इंजेक्शनने काम होईलच असं नाही. काही महिन्यांच्या अंतराने ते पुन्हा द्यावं लागतं. मुलाच्याच हाडातला मगज काढून पोकळीत सोडण्याचीही पद्धत आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत या दोन्हींची तुलना झाली. दोन वर्षांनी स्टेरॉइड दिलेल्यांपैकी ४२ टक्के मुलांची पोकळी भरली होती, मगज दिलेल्यांपैकी २३ टक्क्यांची.

मांडीच्या हाडाच्या मानेशी सिस्ट असेल तर सहसा थांबून चालत नाही. तिथे हाड मोडलं तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. अशा वेळी पोकळी खरवडून साफ करतात, हाडाचा चुरा भरतात आणि सळई किंवा प्लेट बसवून आधार देतात.

दुसऱ्या प्रकारच्या सिस्टमध्ये पाण्याऐवजी रक्त असतं. तिला अ‍ॅन्युरिझमल सिस्ट म्हणतात. ती वेगाने फुगते, दुखते, मणक्यात असेल तर मज्जातंतूंवर दाब आणते. एका जातीचा हाडाचा कॅन्सर एक्स-रे आणि एमआरआयमध्ये अगदी असाच दिसू शकतो. म्हणून इथे उपचाराआधी बायोप्सी हवीच. त्यानंतर सिस्ट खरवडून, वेगाने फिरणाऱ्या यंत्राने आतल्या भिंती घासून काढतात. तरीही काही जणांमध्ये ती पुन्हा होते. पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी वापरलं जाणारं पॉलिडोकॅनॉल हे औषध सिस्टमध्ये टोचूनही ती बरी होते. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी यावर महत्त्वाचं काम केलं आहे. मणका किंवा कटीच्या अवघड जागी डेनोसुमॅब हे हाड पोखरणाऱ्या पेशींना रोखणारं औषध कधीकधी वापरतात. पण ते बंद केल्यावर मुलांच्या रक्तात कॅल्शियम धोकादायक प्रमाणात वाढू शकतं. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावं.

पालकहो, एवढं करा. मुलाचं हाड क्षुल्लक कारणाने मोडलं, तर ते चोळून घेऊ नका, लेप लावून बांधू नका. एक्स-रे काढा. सिस्ट निघाली तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: ती कोणत्या प्रकारची आहे, हाड मोडण्याचा धोका किती आहे आणि थांबून चालेल का? शस्त्रक्रियेची घाई नको, तशी तपासणीत टाळाटाळही नको. आणि हाड जुळलं म्हणून पुढच्या तपासण्या अर्ध्यावर सोडू नका.