गर्दीची तालीम

सन २०१३ च्या ऑक्टोबर महिन्याची पहिली तारीख. ज्यांच्यापाशी आरोग्याचा विमा नाही अशा लक्षावधी नागरिकांसाठी अमेरिकेच्या संघ सरकारने ‘हेल्थकेअर.गव्ह’ नावाचे संकेतस्थळ त्या दिवशी खुले केले. ३६ राज्यांतील रहिवाशांनी या एकाच दारातून आत जाऊन आपापल्या कुटुंबासाठी विमा निवडावयाचा होता. एका वेळी पन्नास-साठ हजार माणसे येतील असा अजमास होता. सरकारी अधिकाऱ्यांच्याच सांगण्याप्रमाणे आली ती अडीच लाख. दार उघडले खरे, पण उंबरठा ओलांडणे बहुतेकांस साधले नाही. पुढे काँग्रेसच्या समितीने जी कागदपत्रे प्रसिद्ध केली, त्यांवरून पहिल्या दिवसाअखेर विम्याची निवड पुरी करू शकलेल्या माणसांची संख्या अवघी सहा होती असे दिसून आले.

‘गर्दी फार झाली’ एवढे म्हणून या फजितीची हकिकत पुष्कळदा संपविली जाते. परंतु गर्दी होणार हे कोणास ठाऊक नव्हते? विचारावयाचे ते असे की, त्या गर्दीची तालीम झाली होती काय? उद्घाटनास थोडे दिवस उरले असता काही शे कृत्रिम ग्राहक एकदम आत सोडून पाहिले, तेव्हाच यंत्रणा कोलमडली होती, असे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्याच महिन्यात छापले. सर्व भाग एकत्र जोडून घ्यावयाची परीक्षाही अखेरच्या दोन आठवड्यांतच झाली, अशी साक्ष कंत्राटदारांनी दिली. म्हणजे तालीम झाली, ती बिघडली, आणि तरीही पडदा वर गेला!

आगगाडीचा नवा पूल रहदारीस खुला करण्यापूर्वी त्यावर वजनदार एंजिने उभी करून तो किती वाकतो हे मोजण्याची चाल जुनी आहे. वेब सर्व्हरची भारपरीक्षा ही त्याच जातीची. फरक एवढाच की, पुलावरचे ओझे लोखंडाचे असते आणि येथले ओझे माणसांच्या वागणुकीच्या नकलेचे असते. कोणी पान उघडतो, कोणी अर्ज भरता भरता मध्येच थांबतो, कोणी अधीर होऊन तेच बटण चार वेळा दाबतो. या सर्वांची सोंगे एखाद्या प्रोग्रामला वठवावी लागतात.

ही सोंगे एकाच संगणकाकडून वठवून घेतली तर काय बिघडले, अशी शंका साहजिकच येईल. प्रत्येक जोडणीसाठी संगणकास आपल्या बाजूचा एक क्रमांक खर्ची घालावा लागतो. त्यास पोर्ट म्हणतात. लिनक्स प्रणालीच्या मूळ मांडणीत या कामी ३२,७६८ पासून ६०,९९९ पर्यंतचे, म्हणजे २८,२३२ क्रमांक राखलेले असतात. जोडणी आपण होऊन तोडली की तिचा क्रमांक साठ सेकंद अडकून राहतो. साधा भागाकार केला तरी कळेल की, ही मांडणी न बदलता, एका पत्त्यावरून सर्व्हरच्या एकाच दाराशी सेकंदाला सुमारे ४७० हून अधिक नव्या जोडण्या सतत करीत राहणे अशा यंत्रास शक्य नाही. शिवाय सांकेतिक लिपीतील उत्तरे उलगडता उलगडता त्याचा प्रोसेसर थकतो तो निराळाच. थकलेला परीक्षक आलेल्या उत्तराची नोंद उशिरा करतो आणि दोष सर्व्हरच्या माथी बसतो. किंवा तो प्रश्नच कमी विचारतो आणि सर्व्हर पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो! दोन्ही प्रसंगी परीक्षा झालेली असते ती परीक्षकाची.

म्हणून अनेक यंत्रे हवीत, आणि ती एकाच सूत्रधाराच्या हुकमतीत हवीत. सूत्रधार यंत्राने इशारा द्यावा, साथीदार यंत्रांनी एकदम मारा सुरू करावा आणि प्रत्येकाने टिपलेल्या वेळा सूत्रधाराकडे परत पाठवाव्यात, अशी ही रचना असते. ‘जेमीटर’ आणि ‘लोकस्ट’ ही या कामाची दोन प्रसिद्ध साधने होत. दुसऱ्याचे नाव तर टोळ या किड्याचेच आहे, आणि टोळधाडीचे वर्णन ऐकलेल्यास ते समजावून सांगावयास नको. मात्र दोघांचा हिशेब निराळा. जेमीटरला हजार ग्राहक सांगून सहा साथीदार दिले तर सहा हजार ग्राहक चालून जातात, कारण प्रत्येक साथीदार संपूर्ण योजना अमलात आणतो. लोकस्ट मात्र हजारांचीच सहा जणांत वाटणी करतो. हा भेद ध्यानात न घेता काढलेला निष्कर्ष सहापट चुकतो.

आकड्यांची बेरीज हेही एक फसवे प्रकरण आहे. शंभरांतील पंचाण्णव ग्राहकांस किती वेळात उत्तर मिळाले, हे प्रत्येक यंत्र सांगते. चार यंत्रे म्हणाली एक सेकंद, पाचवे म्हणाले वीस, तर सरासरी ४.८ सेकंद येते. पण तो आकडा कोणत्याही ग्राहकाच्या अनुभवाचा नव्हे. सर्व यंत्रांच्या मूळ नोंदी एकत्र करूनच हिशेब मांडला पाहिजे. याहून सूक्ष्म चूक गिल टेने या अभियंत्याने निदर्शनास आणली आहे. समजा, एखादे यंत्र सेकंदाला शंभर मागण्या, एकीचे उत्तर मिळाल्यावर दुसरी, अशा क्रमाने करीत आहे आणि सर्व्हर मध्येच दहा सेकंद गप्प बसला. परीक्षक सभ्य, उत्तर येईपर्यंत तोही गप्प राहतो आणि वहीत एकच विलंब टिपतो. खरे ग्राहक इतके सभ्य नसतात. त्या दहा सेकंदांत आणखी सुमारे हजार जण दाराशी येऊन ताटकळले असते, आणि वहीत त्यांचा मागमूसही नाही. यास्तव मागण्या उत्तरांची वाट न पाहता ठरल्या वेळीच निघाल्या पाहिजेत.

येथवर वर्णिलेले कृत्य आणि सर्व्हर बंद पाडण्यासाठी केलेला हल्ला यांच्या बाह्य स्वरूपात फारसे अंतर नाही. अंतर आहे ते मालकाच्या संमतीचे. भारतात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमान्वये परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकसेवेत व्यत्यय आणणारा भरपाईस पात्र होतो, आणि ते अप्रामाणिकपणे केल्यास ६६ व्या कलमाखाली गुन्हा ठरतो.

तालीम आणि हल्ला यांची गाठ ऑस्ट्रेलियात विलक्षण रीतीने पडली. ९ ऑगस्ट २०१६ ची रात्र तेथील खानेसुमारीची होती, आणि बहुसंख्य कुटुंबांनी अर्ज संकेतस्थळावरच भरावेत अशी सरकारची अपेक्षा होती. येथे भारपरीक्षेत कुचराई झाली नव्हती. तासाला दहा लाख अर्ज पेलण्याची तयारी तपासून घेतली होती. तरीही संध्याकाळी साडेसातच्या सुमारास एक किरकोळ हल्ला झाला, तो थोपविण्याच्या गडबडीत एक राउटर बंद पडला आणि पुन्हा धडपणे चालू होईना. त्यातच माहिती बाहेर जात असल्याचा खोटा इशारा मिळाला. अधिकाऱ्यांनी संकेतस्थळ बंद केले आणि ते सुमारे चाळीस तास बंदच राहिले. पुढे सिनेटच्या समितीने चौकशी केली तेव्हा कंत्राटदार कंपनीच्या अभियंत्याने सांगितले की, राउटर निकामी झाल्याची तालीम केवळ आभासी रीतीने झाली होती. पुन्हा संधी मिळती तर तो प्रत्यक्ष बंद करून परत चालू करून पाहिला असता.