जीपच्या बोनेटला कुलूप

मी बेगडेवाडीतून बोलतोय. मध्येच लोकलचा हॉर्न ऐकू आला तर चालवून घ्या, स्टेशन घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. आज कोडबिड काही नाही. आज पाना, नट-बोल्ट आणि एक कुलूप. आमच्या जुन्या थारच्या बोनेटला मी घरच्या घरी चावीचे खटके बसवले, त्याची ही गोष्ट. कसं बसवलं हे सांगणारच आहे, पण बसवावं की नाही यावर आमच्या घरी जो वाद झाला तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून तोही येईल.

आधी ज्यांच्याकडे साधी हॅचबॅक किंवा सेदान आहे त्यांच्यासाठी. तुमच्या गाडीचं बोनेट आतल्या लिव्हरने उघडतं. लिव्हर ओढली की केबल मुख्य खटका सोडते, बोनेट दोन बोटं वर येतं, मग पुढून हात घालून दुसरा खटका सरकवावा लागतो. हा दुसरा खटका शोभेचा नाही. पहिला चुकून सुटला तरी बोनेट वाऱ्याने उलटून काचेवर येऊ नये म्हणून तो असतो. अमेरिकेत तर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तसा नियमच आहे. म्हणजे दाराचं कुलूप हेच तुमच्या बोनेटचं कुलूप. तुम्हाला या भागातली एकच गोष्ट लागू आहे: सर्व्हिसिंगला गाडी दिलीत की तो दुसरा खटका साफ करून ग्रीस लावायला सांगा. आपल्या मावळच्या पावसात आणि रस्त्यावरच्या चिखलात तो जाम होतो आणि अर्धवट बसतो. एक्स्प्रेस-वेला लागण्याआधी बोनेट नीट बसलंय का हे बघायला दहा सेकंद लागतात. ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट होतो, पण वाऱ्याचा जोर दीडपटीच्याही वर जातो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

आता जीप. जीपचं सगळंच उघड्यावर. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजपासून बोनेटचे खटके बाहेर, दोन्ही बाजूंना. का? कारण ती गाडी रानात बंद पडणार आणि जो सैनिक जवळ असेल त्याला ती उघडता आली पाहिजे. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जोडायला सुरुवात केली आणि तो खटका त्या घराण्यात टिकला. २०१० साली आलेल्या पहिल्या थारलाही तो आहे. नव्या काळातली रँग्लर २०२१ पासून आपल्याच जिल्ह्यात, रांजणगावला जोडली जाते, तिलाही खटके बाहेरच. आमच्या इकडे देहूरोडला लष्कराचा ऑर्डनन्स डेपो असल्यामुळे जीप आणि जिप्सी लहानपणापासून डोळ्यांसमोरून गेल्यात. बाहेरचा खटका कोणाला विचित्र वाटत नाही. वाटायची वेळ मागच्या पावसाळ्यात आली.

एका रात्री आमच्या आळीतल्या दोन गाड्यांच्या बॅटऱ्या गेल्या. त्यातली एक आमची. पाऊस इतका होता की कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. पहाटे साडेपाचला आजीला डायलिसिसला तळेगावला न्यायचं होतं, आठवड्यातून दोनदा ठरलेलं. बाबांनी चावी फिरवली, काहीच नाही. टकटकसुद्धा नाही. बोनेट उघडलं तर दोन वायरी लोंबतायत. शेजारच्या काकांनी त्यांची गाडी काढली म्हणून आजी वेळेवर पोचली. काका गावी गेलेले असते तर? डायलिसिसची पाळी चुकणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांना सांगायला नको.

बॅटरीच का? कारण सोपं आहे. लेड-ॲसिड बॅटरीच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग शिशाचा असतो, भंगारात त्याला रोख भाव आहे आणि बॅटरीवर गाडीचा नंबर लिहिलेला नसतो. पाच-सहा वर्षांपूर्वी पुणे-नाशिक पट्ट्यात ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जायच्या बातम्या आठवतात का? तेही धातूसाठीच, आतल्या कन्व्हर्टरमधल्या मौल्यवान धातूंसाठी. चोराला गाडी नको असते, गाडीतली वाटी-चमचे हवे असतात.

मी त्याच आठवड्यात चावीचे खटके मागवले. तर बाबा म्हणाले, "जीपच्या बोनेटला कुलूप? उद्या घाटात गाडी तापली, मी गाडीत नाही, चावी माझ्या खिशात. मग कोण उघडणार?" मी म्हटलं, "बाबा, परवा कोणीही उघडू शकत होतं, म्हणूनच तर बॅटरी गेली." ते म्हणाले, "कोणीही उघडू शकतं म्हणून आत्तापर्यंत पाच वेळा रस्त्यावरच्या माणसांनी मदत केलीये, ते मोज."

बाबांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रॅलीच्या गाड्यांना आंतरराष्ट्रीय नियमानेच बोनेटला किमान दोन जादा खटके लागतात आणि ते कसे उघडायचे हे ठळक बाणांनी दाखवावं लागतं. तिथे हेतू उलटा आहे: बोनेट उडू नये, पण आग लागली तर बाहेरच्या माणसाला ते झटकन उघडता यावं. एकाच वस्तूची दोन विरुद्ध कामं. आमच्याकडे तोडगा असा निघाला की गाडी रात्री उभी असताना कुलूप, चालताना खटका नुसता बंद, कुलूप उघडं. मी विकत घेतलेल्या खटक्यात ते जमतं, चावी फिरवली नाही तर तो साध्या खटक्यासारखाच चालतो. सगळ्यांत तसं नसतं, काही खटके बंद केले की आपोआप लॉक होतात. घेताना हे एवढं विचारा, बाकी रंग-चकाकी नंतर.

खटका चालतो कसा ते सांगतो, म्हणजे पुढचं ॲडजस्टमेंटचं कळेल. लोणच्याच्या काचेच्या बरणीला तारेची कडी असते ना, दाबली की खट्कन बसते, तेच हे. कडी ओढत असते त्या ओढीची रेषा, दांडा दाबत नेला की, त्याच्या बिजागरीच्या पलीकडे जाते. एकदा पलीकडे गेली की बोनेट जितकं वर ओढलं जाईल तितका दांडा घट्ट बंदच होतो. म्हणून तो वाऱ्याने उघडत नाही, पण बोटाने उघडतो. चावीचं कुलूप फक्त त्या दांड्याला अडवतं, बोनेटचा भार कुलपावर नसतोच.

आता बसवणं. जुन्या खटक्याच्या भोकांमधलं अंतर आधी मोजा, मध्यापासून मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंना वेगवेगळं. जुन्या गाडीत कधीतरी कोणा डेंटरने एक बाजू हलवलेली असते. शक्यतो जुन्याच भोकांत बसणारा खटका घ्या, नवीन भोक म्हणजे गंजाला नवीन दार. आणि एका वेळी एकच बाजू सोडायची. दोन्ही सोडल्या की बोनेट इकडेतिकडे सरकतं आणि मग ते पुन्हा सरळ करण्यात अर्धा दिवस जातो.

नट मडगार्डच्या आतून असतात आणि गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला. सकाळी दहा नंबरचा पाना, बाहेरून मी, आतून बाबा. एक नट हटेना, तेव्हा आधी किंचित घट्ट करून मग सोडला, ती बाबांची युक्ती. खटका निघाल्यावर खाली जे दिसलं ते बघण्यासारखं होतं: पत्र्यावर खटक्याच्याच आकाराचा गंजाचा ठसा. पाणी बाहेर पडायला जागा नाही, तिथे ते वर्षानुवर्षं बसलेलं. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासलं, रेड ऑक्साइड, मग रंगाचा ब्रश. वाळायला एक पूर्ण दिवस दिला. या कामातला सगळ्यात मोठा वेळ इथेच जातो आणि तो जाऊ द्यावा. नवीन खटक्याखाली रबराची पातळ गादी कापून ठेवली, जुन्या ट्यूबची. कंपनीने दिलेली होती, पण ती कागदासारखी.

मडगार्डचा पत्रा पातळ असतो. नुसता वायसर टाकला तर जोराने ओढल्यावर पत्रा वाकतो. म्हणून आतून दोन मिलिमीटरची पट्टी लावली, दोन्ही बोल्ट त्याच पट्टीतून. वर नायलॉक नट, कारण डिझेल इंजिनाच्या थरथरीत साधा नट हळूहळू सुटतो. नवीन भोक पाडावंच लागलं तर आतून हेडलाइटची आणि हॉर्नची वायर कुठून गेलीये ते टॉर्च मारून बघा, ड्रिलचं टोक आत गेलं की ते विचारत नाही.

आणि आता मुद्द्याची गोष्ट, जी खोक्यावर कुठेच लिहिलेली नव्हती. खटक्याला चावी आहे, पण बोनेटवरची जी पट्टी त्या कडीत अडकते, तिचे बोल्ट बाहेरून षटकोनी डोक्याचे! म्हणजे चोराने कुलपाला हातही लावायचा नाही, दहाचा पाना घेऊन पट्टी सोडायची. आमच्या धंद्यात लॉगिनला कडक पासवर्ड ठेवून ॲडमिनचं पान उघडं सोडतात, तसं. ते बोल्ट काढून गोल डोक्याचे कॅरेज बोल्ट लावले, ज्यांना बाहेरून पाना लागत नाही. नट आतल्या बाजूला. कॅरेज बोल्टच्या मानेला चौकोनी भोक लागतं, ते कानशीने केलं, त्याच्या कडांनाही रेड ऑक्साइड. चावीचा खटका विकत घेणाऱ्यांपैकी किती जण ही पट्टी बघत असतील, देव जाणे.

ओढ किती ठेवायची? कडीला आटे असतात, फिरवून लांबी कमी-जास्त होते. बोनेट आणि खालच्या रबरी बुटणाच्या मध्ये वहीचा कागद ठेवा, खटका बंद करा, कागद ओढा. सहज निघाला तर ढिलं, खड्ड्यात बोनेट खडखडणार. फाटला तर फार घट्ट, पत्र्याला पोक येणार. अडकत अडकत निघाला की बरोबर. डावी-उजवी दोन्हीकडे सारखी हवी. (इथे खटका बंद झाल्याचा आवाज.) हा ऐका. "खट्" एकदाच यायला हवा. "खट-टक्" आला तर कुठेतरी मोकळीक आहे. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट परत तपासायचे, मी सोमाटण्यापर्यंत रोज जाऊन-येऊन करतो त्यामुळे आठवड्यात झालं.

चावीबद्दल. दोन्ही कुलपांना एकच चावी चालेल असा जोड घ्या. ती इग्निशनच्या चावीला घट्ट अडकवू नका. इंजिन चालू ठेवून बोनेट बघायचं असेल तेव्हा चावी आत अडकलेली असते. वेगळ्या कडीवर, चट्कन सुटेल अशी. दुसरी चावी घरात, गाडीच्या खणात नाही. कुलपात तेल टाकू नका, आपल्याकडच्या धुळीत तेलाचा लेप होतो आणि पावसाळ्यात चावीच फिरत नाही. ग्रॅफाइटची पूड चांगली. चावीच्या भोकावर रबराचं झाकण असेल तर ते तोडून टाकू नका, मी बऱ्याच गाड्यांवर ते तुटलेलं बघतो.

कायद्याचं विचारलं होतं एकाने. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल चालणार नाही. खटक्याने आरसी बुकातलं काही बदलत नाही, म्हणून मला यात अडचण दिसत नाही. पण बाहेर टोकदार काही काढू नका. डिसेंबर २०१७ मध्ये पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने कारवाईचे आदेश दिले, त्यामागे पायी चालणाऱ्याला होणारी इजा हेही कारण होतं. खटका चपटाच घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर भोक पाडण्याआधी विचारा.

पहार घेऊन आलेल्या माणसाला हे थांबवणार नाही. पत्रा उचकटायचाच म्हटला तर उचकटतो. पण त्याला आवाज करावा लागतो, वेळ लागतो, आणि आता शेडवर सेन्सरचा दिवा लावलाय, तो पेटतो.

बाबांनी शेवटी एक केलंय. डॅशबोर्डच्या खाली, त्यांना आणि मला माहीत असलेल्या जागी, पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलंय की दुसरी चावी कोणत्या काकांकडे आहे. मी त्यांना म्हटलं, हे तर चोरालाही वाचता येईल. ते म्हणाले, "त्याला काकांकडे जाऊन मागू दे की." मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे ते आधी खटक्यांची कुलपं काढतात, मग आजीला हाक मारतात.

पुढच्या भागात वायपरच्या मोटरबद्दल. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, छोटी.