बेडतीच्या रानाचे राखणदार

धारवाडच्या दक्षिणेस सोमेश्वराचे जुने देऊळ आहे. त्या देवळापाशी शाल्मला नदी उगम पावते. ऐन उन्हाळ्यात हुबळीच्या कमरीपेठेतून कोणी तिच्या दर्शनास गेला, तर तो निराश होऊन परतण्याचाच संभव अधिक; कारण तेथे दिसते ते नदीचे रूप नव्हे, ओहोळाचे. परंतु हेच पाणी पुढे बेडती नदीस मिळते, यल्लापूरच्या अरण्यात मागोडच्या कड्यावरून खाली कोसळते आणि गंगावळी हे नाव धारण करून अंकोल्याच्या बाजूस समुद्राला जाऊन भेटते. हुबळी-धारवाड ही जुळी शहरे ज्या पठारावर वसली आहेत, त्यावर पडणाऱ्या पावसाचा काही भाग पूर्वेकडे वळून बंगालच्या उपसागराची वाट धरतो, तर काही भाग ह्या पश्चिमेकडील रानातून अरबी समुद्राकडे जातो. तेव्हा बेडतीचे रान हे शहरवासीयांना वाटते तितके परके नाही.

हे रान बहुतांशी सरकारी आहे. सरकारी म्हणजे सर्वांचे, असे शाळेच्या पुस्तकात मुलांना शिकविले जाते. व्यवहारात मात्र जे सर्वांचे असते त्याचा कैवार घेण्यास सहसा कोणीच पुढे येत नाही. ज्याचे शेत आहे तो बांधावर उभा राहतो, ज्याचे घर आहे तो दाराला कुलूप घालतो. रानाच्या दाराशी कोण उभे राहणार? वनखाते उभे असते हे खरे. परंतु इंग्रजी अमदानीपासून त्या खात्याची शिकवणच अशी होती की, रान म्हणजे लाकडाची वखार. स्वातंत्र्यानंतर दांडेलीस कागदाची गिरणी आली, प्लायवुडचे कारखाने आले, आणि बांबू व मोठे वृक्ष ठरीव सवलतीच्या दराने त्यांच्याकडे जाऊ लागले. जेथे नानाविध जातींची झाडे होती तेथे साग आणि निलगिरी रांगेने उभी राहिली. रानाचा हिशेब घनफुटांत मांडला जात असे, आणि जे घनफुटांत मोजता येत नाही त्याची वहीत नोंदच होत नसे. झऱ्यांचे पाणी, मध, औषधी मुळ्या, वाघाची वाट, ह्यांपैकी काहीच त्या वहीत नव्हते.

ह्या वहीस पहिला जाहीर आक्षेप घेतला तो, आश्चर्य वाटेल, पण सुपारीच्या बागायतदारांनी. बेडती नदीवर वीजनिर्मितीसाठी मोठे धरण बांधण्याची योजना पुढे आली, तेव्हा शिरसी-यल्लापूरकडील बागा आणि त्यांच्याभोवतालचे रान पाण्याखाली जाणार हे उघड झाले. सुपारीची बाग रानावाचून जगत नाही. रानातील पाला हेच तिचे खत. शिरसीच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने घोषणा देत बसण्याऐवजी 1981 च्या जानेवारीत शास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ व सरकारी अभियंते ह्यांना एकत्र बोलावून एक परिसंवादच भरविला. विजेपासून होणारा लाभ एका पारड्यात आणि बुडणाऱ्या रानाची व बागांची किंमत दुसऱ्या पारड्यात घालून पाहण्यात आली. योजना बाजूस ठेवली गेली. आपला स्वार्थ आणि रानाचे हित ह्यांची गाठ ज्यांना दिसली, अशा माणसांनी हे काम केले. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दोन वर्षांनी जे घडले त्यात हिशेबाहून अधिक काही होते. शिरसी तालुक्यातील साल्कणी गावच्या तरुणांच्या मंडळाने उत्तराखंडातील ‘चिपको’ची हकीकत ऐकली होती, सुंदरलाल बहुगुणा ह्यांचे विचारही त्या भागात पोहोचले होते. 8 सप्टेंबर 1983 रोजी साल्कणी व आसपासची सुमारे दीडशे माणसे, त्यांत बायका आणि मुलेही, पावसाळी वाटेने काही मैल चालत कळसे रानात गेली. तेथे ठेकेदाराचे कामगार कुऱ्हाडी घेऊन उभे होते. गावकऱ्यांनी झाडांना मिठ्या मारल्या. कन्नडमध्ये मिठी मारण्यास ‘अप्पिको’ म्हणतात, आणि तेच ह्या चळवळीचे नाव झाले.

मिठीची छायाचित्रे सर्वांच्या स्मरणात राहतात. त्यानंतरचे काम फारसे कोणास ठाऊक नसते. अडतीस दिवस गावकऱ्यांनी त्या रानावर पहारा ठेवला. शेतीची कामे टाकून आळीपाळीने जायचे, पावसात बसून राहायचे, आणि कामगारांशी वैर धरायचे नाही, कारण तेही पोटासाठीच आलेले. वनखात्याचे म्हणणे असे की, तोड शास्त्रीय आहे. एकरामागे मोजकीच झाडे काढली जातात. गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांनाच रानात येऊन पाहण्याची विनंती केली. खुणेचे एक मोठे झाड पडताना शेजारची किती लहान झाडे मोडतात, लाकूड ओढून नेण्याच्या वाटेने माती कशी उघडी पडते, हे त्यांनी बोट धरून दाखविले. अखेर तोडीचा हुकूम मागे घेतला गेला. पुढे हुस्री, निडगोड अशा अन्य गावीही लोक रानात उतरले. पांडुरंग हेगडे ह्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ‘उळिसु, बेळसु, बळसु’ (वाचवा, वाढवा, जपून वापरा) ही त्रिसूत्री गावोगाव पोहोचविली. 1990 च्या सुमारास कर्नाटकाच्या नैसर्गिक रानातील हिरव्या झाडांची तोड थांबविण्याचे धोरण आले, त्यामागे ह्या पहाऱ्याचा वाटा होता.

घाटाच्या भागातून आता पुन्हा पठारावर यावे. तुंगभद्रेच्या काठी कुमारपट्टणम येथे, त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यातच, रेयॉनसाठी लाकडाचा लगदा करणारा कारखाना आहे. 1984 साली राज्य सरकार व त्या कारखान्याच्या चालकांनी मिळून एक कंपनी स्थापिली आणि सुमारे 30 हजार हेक्टर सार्वजनिक जमीन निलगिरीच्या लागवडीसाठी तिच्याकडे सोपविण्याचे ठरविले. सरकारी दप्तरी ह्या जमिनी ‘पडीक’ होत्या. पडीक हा शब्द मोठा फसवा आहे. त्याच पडीक जमिनीत गावाची जनावरे चरत, गरीब बाई जळणाची मोळी तेथूनच आणी, आणि काळवीट, लांडगा ह्यांनाही तेथेच थारा होता.

धारवाडची समाज परिवर्तन समुदाय ही संस्था ह्याविरुद्ध उभी राहिली. अमेरिकेतील नोकरी सोडून परतलेले एस. आर. हिरेमठ हे तिचे धुरीण. संस्थेने ज्ञानपीठविजेते साहित्यिक शिवराम कारंत ह्यांच्यासह 1986 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि पुढील मार्चमध्ये जमिनी हस्तांतरित करण्यास न्यायालयाने मनाई केली. परंतु कज्जा दिल्लीत आणि गुरे कुसनूरला, अशी परिस्थिती. म्हणून 14 नोव्हेंबर 1987 रोजी हानगल तालुक्यातील कुसनूर गावी सुमारे 2 हजार स्त्रीपुरुष जमले. वाजतगाजत ते लागवडीत शिरले, निलगिरीची शंभरएक रोपे त्यांनी उपटली आणि त्या जागी फळांची व चाऱ्याची उपयुक्त झाडे लावली. ‘कित्तिको-हच्चिको’, म्हणजे उपटा आणि लावा, हे त्या सत्याग्रहाचे नाव. नुसते उपटले असते तर ती मोडतोड ठरली असती. लावल्यामुळे तो सत्याग्रह झाला. 1991 पर्यंत त्या कंपनीचा कारभार गुंडाळला गेला. त्याच सुमारास महाराष्ट्रातील नवापूरहून एक आणि कन्याकुमारीहून दुसरी अशा पश्चिम घाट वाचवा पदयात्रा निघाल्या होत्या. 1988 च्या फेब्रुवारीत गोव्यात फोंड्याजवळ त्यांची गाठ पडली. शेकडो कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक त्यांत पायी चालले, कोणाच्याही पगारावर नव्हे.

अमेरिकेत ह्याच प्रकारच्या कार्यातून 3 सप्टेंबर 1964 रोजी एक कायदा जन्मास आला. सरकारी रानांपैकी सुमारे 91 लाख एकर रान त्याने कायमचे अस्पर्श ठरविले. त्याचा मसुदा हॉवर्ड झानायझर नावाच्या, एका रानप्रेमी मंडळाचा कारभार पाहणाऱ्या गृहस्थाने लिहिला. पासष्टाहून अधिक वेळा तो पुन्हा लिहावा लागला, आणि कायद्यावर सही होण्यापूर्वी चार महिने त्याचे निधन झाले. चिकाटीचे हे उदाहरण वाखाणण्याजोगे खरेच. मात्र त्या कायद्याने मनुष्याला रानातील पाहुणा मानले आहे, आणि ती कल्पना आपल्याकडे जशीच्या तशी लागू करता येत नाही. यल्लापूर, हल्ल्याळ, मुंडगोड ह्या भागांत गवळी धनगरांचे वाडे आहेत. त्यांची बोली मराठीच्या कुळातील. तेथे सिद्दी आहेत, जोयड्याकडे कुणबी आहेत. हे लोक पाहुणे नव्हेत. वाघासाठी रान राखावयाचे म्हणून कुणब्याचे घर हलवावयाचे, असा विचार शहरातील काही रानप्रेमी मंडळी फार सहजपणे बोलून जातात. 2006 च्या वनहक्क कायद्याने रानवासीयांचे हक्क मान्य केले आहेत. ते हक्क दुर्लक्षून केलेले रक्षण टिकेल असे वाटत नाही, कारण रानाला आग लागल्यावर पहिला धावणारा मनुष्य तोच असतो.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र हुबळीच्या स्वतःच्या दारात आहे. हुबळी-अंकोला लोहमार्गास 1997-98 साली मंजुरी मिळाली. लांबी सुमारे 164 किलोमीटर. हुबळीच्या व्यापाऱ्याला बंदर जवळ येणार, लोखंडाचा माल उतरणार, तरुणांना काम मिळणार, ही आशा खोटी नव्हे, आणि तिला हसणारा मनुष्य पोट भरलेला असावा. परंतु ह्या मार्गासाठी जवळपास 600 हेक्टर रान लागणार होते, आणि ते हत्ती-वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचे. मार्च 2020 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाच्या अनेक सदस्यांनी ह्या योजनेस विरोध केला. तरी त्याच महिन्याच्या 20 तारखेस मंडळाने संमती दिली. तेव्हा बेळगावच्या एका स्वयंसेवी संस्थेने उच्च न्यायालयात अर्ज केला आणि जूनमध्ये त्या संमतीस स्थगिती मिळाली. पुढे तज्ज्ञांनी प्रत्यक्ष पाहणी केली, आराखडे बदलले, वाद लांबत गेला.

ह्या वादात स्वयंसेवकांनी केलेले काम पाहिले तर त्यात मिठी मारण्याचा प्रसंग कोठेच नाही. बैठकीचे कार्यवृत्त मागवायचे, नकाशावर बोगदा व पूल कोठे दाखविला आहे ते तपासायचे, जुन्या व नव्या आराखड्यांतील आकडे ताडून पाहायचे, मुदतीच्या आत हरकत नोंदवायची, आणि मग तारखेची वाट पाहायची. दिवसा कोणी दुकानात असतो, कोणी बँकेत; हे सारे रात्री जेवण झाल्यावर. त्यांपैकी कित्येकांच्या घरातच वडील लोहमार्गाच्या बाजूचे असतात, आणि जेवताना वाद होतात. त्याच खोऱ्यात 2011 साली बेडती संरक्षण राखीव क्षेत्र घोषित झाले आहे. आणि बेडतीचे पाणी वरदा नदीकडे वळविण्याची जुनी योजना पुन्हा पुढे येताच शिरसी-यल्लापूरच्या बागायतदारांनी चाळीस वर्षांपूर्वीच्या परिसंवादाचे कागद पुन्हा बाहेर काढले.