विस्मयाला प्रश्न फुटतो तेव्हा

रेवतीची कथा पुराणिकांच्या मुखातून महाराष्ट्रातील अनेक घरांत पोचलेली आहे. तिचा पिता राजा ककुद्मी कन्येसाठी योग्य वर कोणता, हे विचारण्यास तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तेथे गायन चालू होते. ते संपेपर्यंत तो थांबला आणि मग त्याने आपली शंका मांडली. ब्रह्मदेव हसला, कारण तेवढ्या अवधीत पृथ्वीवर युगे उलटली होती आणि राजाने मनाशी योजलेल्या वरांची नावेही तेथे कोणाच्या स्मरणात उरली नव्हती. पुढे रेवती बलरामाला दिली गेली.

ही कथा ऐकून श्रोता चकित होतो. परंतु दोन ठिकाणी काळ निरनिराळ्या गतीने कसा चालेल, असे कथेत कोणी विचारीत नाही. तो तिचा उद्देशही नव्हे. तो प्रश्न विसाव्या शतकात पदार्थविज्ञानाने विचारला. आइन्स्टाइन यांनी १९१५ साली मांडलेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षण जेथे प्रबळ, तेथे घड्याळ मंद चालते. कृष्णविवराच्या निकट हा फरक अफाट होतो. पृथ्वी आणि उपग्रह यांच्यामध्ये तो अतिसूक्ष्म असला तरी मोजता येतो. वाहनचालकाला वाट दाखविणाऱ्या उपग्रहांच्या घड्याळांत तो हिशेबात धरला नाही, तर दिवसाकाठी कित्येक किलोमीटरांची चूक साचेल. यावरून आपल्या पुराणकारांना सापेक्षता अवगत होती, असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. तो टाळलेला बरा. कल्पना सुचणे वेगळे आणि सूत्र मांडून ते घड्याळाने पडताळणे वेगळे. पुराणकथेचा गोडवा त्यामुळे तिळमात्र कमी होत नाही.

या दोन्ही गोष्टी एका लेखणीत आणण्याचा प्रयत्न मराठीत झालेला आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. परीक्षकांनी नावाकडे पाहू नये म्हणून त्यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला होता आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हातून लिहवून घेतली होती. ज्यांच्यासमवेत त्यांनी १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, त्या फ्रेड हॉईल यांनीही १९५७ साली ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान कादंबरी प्रसिद्ध केली होती. संशोधकाने कथा लिहिणे म्हणजे हलके काम, ही समजूत गुरु-शिष्य दोघांनीही मानली नाही.

डॉ. नारळीकर २०२५ साली निवर्तले. मुले स्वाक्षरी मागू लागली की ते सांगत, “पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव.” उत्तराखाली स्वाक्षरी मिळे. शिक्षकवर्गाने ही रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण वर्गात प्रश्न विचारणारा मुलगा पुष्कळदा वेळ मोडणारा ठरतो.

आता कथेतून शिवारात उतरावयास हरकत नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून ती साकारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात पसरलेल्या आहेत. जवळ जाऊन पाहणाऱ्यास प्रथम आश्चर्य वाटते ते असे, की या तबकड्या भरीव नाहीत. बारीक तारांची जाळी दोरांवर ताणून त्या घडविल्या आहेत. जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरांची, आणि टिपावयाच्या रेडिओ लहरींची लांबी त्याहून पुष्कळ मोठी. त्यामुळे लहरी जाळीवरून परावर्तित होतात, वारा मात्र आरपार निघून जातो. वजन घटले, खर्च घटला आणि एवढी मोठी दुर्बीण आपल्या देशाच्या आवाक्यात आली.

हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. एका अतिदूरच्या दीर्घिकेतून निघालेली अशी लहर या दुर्बिणीने टिपल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. वाटेतील दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून तो क्षीण संदेश सुमारे तीसपट वाढविला होता. विश्वाच्या प्रसरणामुळे लहर ताणली जाऊन ४८ सेंटिमीटरांची झाली होती. तिचा प्रवास ८८० कोटी वर्षांचा. ती निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. जवळजवळ निम्मी वाट सरल्यावर पृथ्वी घडली आणि अखेरीस ती जुन्नर तालुक्यातील तारेच्या जाळीवर येऊन पोचली. कोणत्याही कादंबरीकाराने यापेक्षा अधिक काय रचावे?

एवढा क्षीण संदेश ऐकण्यासाठी शांतता लागते, आणि ती शांतता गावांच्या हाती आहे. विहिरीवरची मोटार चालू होताच घरातला जुना रेडिओ खरखरत असे, हे पुष्कळांना स्मरत असेल. तीच खरखर दुर्बिणीला कितीतरी अधिक ऐकू येते. भ्रमणध्वनीचे मनोरे, दूरचित्रवाणीचे बिघडलेले बूस्टर, विजेच्या तारांवरील ठिणग्या, सर्वांचा तिला उपद्रव होतो. या कारणास्तव परिसरात उद्योग उभारण्यावर निर्बंध आहेत. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या एका आखणीलाही हाच मुद्दा आडवा आला. रोजगार शोधणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने हे ओझे लहान नव्हे. विश्वाचे कुतूहल त्याच्या भाकरीपेक्षा मोठे, असे दुसऱ्या गावच्या माणसाने सांगणे उचित होणार नाही. त्याच्या ग्रामसभेत मात्र दुर्बीण काय ऐकते, हे एकदा तरी समजावून सांगितले गेले पाहिजे. कारण न समजलेला निर्बंध हा केवळ जाच वाटतो.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. आसपासच्या शाळांची मुले आपापली उपकरणे घेऊन तेथे येतात आणि तबकड्यांकडे मान वर करून पाहतात. त्याच शिवारात एखाद्या खांबावरची सैल तार वायरमन आवळतो, ठिणगी थांबते, आणि त्या दिशेची खरखर त्या रात्रीपुरती तरी बंद होते.